कोरडोबांची रबरी विजार

"आज पुन्हा?"

"थोडंसं आलंय आत."

"थोडंसं? अहो, बुटातून मासा निघाला! जिवंत!"

"लहान होता गं."

हे भांडण मी माझ्या चुलीपाशी बसून ऐकलं. मुद्दाम कान लावला नव्हता. सासूबाई गेल्यावर घराचे दोन भाग झाले आणि मधे फळ्या ठोकल्या. फळ्यांनी सामान वेगळं होतं, भांडी वेगळी होतात, आवाज काही वेगळे होत नाहीत. पलीकडे माझे धाकटे दीर आणि धाकटी जाऊ राहायचे. आमच्या घरात काय शिजलं ते त्यांना वासावरून कळायचं, त्यांच्या घरात काय बिनसलं ते आम्हाला कानावरून.

"डॉक्टर काय म्हणाला, आठवतंय का? छातीत पुन्हा गारठा बसला तर पाण्यात पाय घालायचा नाही."

"डॉक्टर कधी उभा राहिलाय पाण्यात?"

"नाही राहिला, म्हणून तर त्याची छाती भात्यासारखी वाजत नाही. मी दादाला सांगून ठेवलंय. बर्फाच्या कारखान्यात जागा आहे. डोक्यावर छप्पर, कोरडं काम."

मी फुंकणी हळूच खाली ठेवली.

"मी बर्फ नाही विकणार," भावजी म्हणाले.

"विकायचाय कुठे? नुसता ओढायचा."

मग धाकटी अगदी ठरवून, एकेक शब्द वेगळा काढून बोलली. "एक करा. शेवटची म्हणून नवी विजार घ्या. तुमच्या मनासारखी घ्या, मी बोलणार नाही. पण ज्या दिवशी पाय ओले घेऊन घरात याल, त्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना. कबूल?"

"कबूल," भावजी म्हणाले. एवढ्या पटकन म्हणाले, की मला इकडे हसू आलं. ज्याला आपण हरणार हे माहीत असतं तोच एवढ्या घाईने कबूल होतो.

आता ही विजार म्हणजे काय ते सांगते. नदी समुद्राला मिळते तिथे, उथळ पाण्यात, आमच्या लोकांचे खुंट ठोकलेले असतात आणि खुंटांना जाळी बांधलेली. पाणी ओसरू लागलं की छातीभर पाण्यातून चालत जायचं, जाळ्यात अडकलेलं काढायचं आणि पाणी चढायच्या आत परत फिरायचं. त्यासाठी बूट, विजार आणि छातीपर्यंतचा भाग असं सगळं एकाच रबराचं घालायचं असतं. वर खांद्यावर पट्टे. घातलं की माणूस खालून माणूस वाटतच नाही, पाण्याची टाकी चालल्यासारखी वाटते. ही फाटली, की आत पाणी शिरतं आणि मग बाहेरच्यापेक्षा आतलंच पाणी जड होतं.

भावजींच्या विजारी नेहमी फाटायच्या. शिंपल्याने, गंजक्या खिळ्याने, कधी नुसत्या नशिबाने. कायम ठिबकत घरी यायचे, म्हणून धक्क्यावरच्या लोकांनी त्यांचं नाव कोरडोबा ठेवलं होतं. मासे त्यांना इतरांपेक्षा कमीच मिळायचे. माझा तर संशय होता, की माशांपेक्षा त्यांना नुसतं पाण्यात उभं राहायला आवडायचं. जमिनीवर हा माणूस उंबऱ्याला अडखळायचा, कपाटाचं दार हातात घेऊन यायचा, चार पाहुणे आले की कुठे बसावं ते त्याला कळायचं नाही. पाण्यात मात्र कमरेभोवती लाट यायची तरी जागचा हलायचा नाही. दुसऱ्या कुठल्याही जागी तो माणूस मला जागेवर वाटला नाही. तेव्हा ही पैज काही विजारीची नव्हती. पाणी सुटलं तर भावजींनी जायचं कुठे, हा प्रश्न होता. ते धाकटीलाही माहीत होतं. पण तिला छातीचा भाता रोज उशाशी ऐकावा लागत होता.

खरेदीला तिने मला बरोबर पाठवलं. "जाऊबाई, तुम्ही जा. नाहीतर हे रंग बघून घेतील."

दुकानदार चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत होता. त्याने आमच्यापुढे तीन तऱ्हेच्या विजारी टाकल्या. एक पातळ, चुरचुरीत कापडाची, आतून रबराचा हात दिलेली. एक मऊ, स्पंजासारखी, अंगाला चिकटून बसणारी. आणि एक काळी, जाडजूड, टायर कापून शिवल्यासारखी.

भावजींनी तिन्हींची उलटतपासणी सुरू केली. नखाने ओरखडा काढून बघितला. घडी घालून, तिच्यावर बसून, उठून, घडीला चीर जाते का ते बघितलं. शिवणी दोन्ही हातांनी ओढल्या. वास घेतला. मग प्रत्येक विजार घालून दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, कारण विजार पहिल्यांदा फाटते ती गुडघ्यालाच.

"किती वर्षं टिकेल ही?"

"वापरावर आहे, काका."

"वापर पाण्यात आहे."

"मग पाण्यावर आहे."

भावजींनी बॅटरी मागितली. ती पेटवून विजारीच्या बाहेरून माझ्या हातात दिली आणि आपण कमरेपर्यंत आत डोकं घातलं. कुठे भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. आता दुकानाच्या मधोमध एक माणूस, ज्याचं डोकं विजारीत आणि विजारीचे पाय वर हवेत, आणि मी त्याच्याभोवती बॅटरी घेऊन प्रदक्षिणा घालतेय. एक बाई गळ घ्यायला आली होती, ती दारातूनच परत गेली.

"काका, माझं ऐका," दुकानदार शेवटी म्हणाला, "ही हलकी घ्या. हिचं कापड श्वास घेतं."

आतून आवाज आला, "श्वास मी घेईन. विजारीने घ्यायची गरज नाही."

त्यांनी काळी घेतली. सगळ्यात जाड, सगळ्यात जड. दुकानदाराने ती बांधून देताना दोनदा हात बदलला. "ही तुमच्यानंतरही टिकेल," तो म्हणाला. भावजींना ती तारीफ वाटली.

पहिल्या दिवशी पाण्यावरून आले ते स्वतःच्या दाराला न जाता माझ्या मागच्या दाराला आले. चेहरा असा, की मला वाटलं कुणी तरी बुडालं.

"वहिनी, घात झाला. ओली आहे."

"फाटली?"

"फाटली कुठे? बोट न् बोट तपासली. कुठेही काही नाही. पण मोजे पिळून निघतायत."

मी मोजे हातात घेतले. कोमट होते. "अहो भावजी, घाम आहे हा! काय घातलंय ते बघा की. त्यात दगडालाही घाम सुटेल."

"घामच कशावरून?"

"मग दुसरं काय असणार?"

"खाडीचं पाणी." ते खाली बसले. "मी चव घेऊन बघितली. खारट लागली. पण खाडीचं पाणीही खारटच असतं ना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "मी मुळीच चाखणार नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हटलंत."

पलीकडे धाकटी दारात उभी असणार होती. रोज ते आले की ती आधी बुटात हात घालणार, मग पाय बघणार. तेव्हा मी आमच्या ह्यांचे कोरडे मोजे काढून दिले, आतून विजार जुन्या धडप्याने पुसून दिली आणि म्हटलं, जा आता, ताठ मानेने जा. ते गेले. फळ्यांपलीकडून धाकटीचा आवाज आला, "अगंबाई, खरंच की हो, ठणठणीत कोरडे!" आणि ती इतकी आनंदली, की दुसऱ्या दिवशी सगळ्या धक्क्यावर त्या विजारीचं कौतुक सांगत फिरली.

मग तेच रोजचं झालं. ते आधी माझ्याकडे यायचे, मोजे बदलायचे, धडप्याने विजार पुसायचे आणि मग वळसा घालून पुढच्या दाराने आपल्या घरी जायचे. धाकटीचं कौतुक ऐकून आणखी दोघांनी तसल्याच काळ्या विजारी आणल्या. आता पाण्यात तिघं जण टायर पांघरून उभे, तिघंही घामाघूम, आणि तिघांच्याही बायका नळावर एकमेकींना सांगायच्या, आमच्यांच्या पायाला थेंब लागत नाही. ते तिघं एकमेकांकडे बघायचे आणि मान हलवून म्हणायचे, "चांगला माल आहे."

बिंग माझ्या दोरीवर फुटलं. भावजींच्या मोज्यांना धाकटीने स्वतः विणलेला लाल काठ होता. एके दिवशी ती माझ्याकडे दही मागायला आली आणि दोरीपुढे थांबली.

"जाऊबाई, तुमच्याकडे लाल काठाचे मोजे कोण घालतं?"

"वाळत टाकलेत," मी म्हटलं.

"ते दिसतंय. ओले का झाले ते विचारतेय."

त्या संध्याकाळी पलीकडे खटला उभा राहिला. भावजींचं म्हणणं, बोली खाडीच्या पाण्याची झाली होती, घामाची नाही. धाकटीचं म्हणणं, बोली ओल्या पायांची झाली होती आणि ओलं ते ओलं. आवाज चढत गेले आणि मग एकदम फळीवर थाप पडली.

"जाऊबाई! नक्की काय ठरलं होतं हो त्या दिवशी?"

"मला काय विचारतेस?" मी इकडून म्हटलं. "मी काय तुमचं बोलणं ऐकत बसते?"

पलीकडे दोघंही भांडण विसरून हसले. मला फार राग आला.

निवाड्याला तिचा दादा आला. हा बर्फाच्या कारखान्यातला मुकादम. पोटाने मोठा, बोलण्याने त्याहून मोठा. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, चहा प्याला आणि म्हणाला, "सोपं आहे. बाहेरचं पाणी आत जात असेल, तर आतलं पाणी बाहेर यायला हवं. विजार पाण्याने भरा आणि टांगा. थेंब पडला तर दाजी कारखान्यात. नाही पडला तर घाम."

सगळ्यांना पटलं. पडवीच्या आडव्या वाशाला विजार पट्ट्यांनी टांगली आणि बादलीमागून बादली ओतली. ती फुगत गेली. पोट सुटलं, मांड्या भरल्या, शेवटी डोकं नसलेला एक जाडा पाहुणा आमच्या पडवीत लोंबकळत होता. आम्ही त्याच्याखाली कोरडी राख पसरली आणि भोवती बसलो. मुकादम डुलक्या काढत होते. धाकटी राखेकडे बघत होती, भावजी धाकटीकडे. ऊन पडवीतून निघून कुंपणापर्यंत गेलं, तरी राखेवर एक थेंब पडला नाही.

"घाम," मुकादमांनी निकाल दिला आणि दाजींचा हात हातात घेतला.

भावजींनी आयुष्यात जिंकलेली ही एकच पैज. त्यांना काय करावं ते कळेना, ते नुसते विजारीवरून हात फिरवत राहिले. धाकटी म्हणाली, "म्हणजे पाणी खाडीचं नव्हतं, तुमचंच होतं. मग खाडी सोडून काय उपयोग? तुम्हालाच सोडावं लागेल." पण बोलताना तिचा चेहरा मोकळा झाला होता. तिलाही भावजी हरायला नको होते, छाती तेवढी जिंकायला हवी होती.

मग विजार रिकामी करायची वेळ आली. भरलेली ती एकट्याने उचलणार कोण? मुकादमांनी एक पाय धरला, भावजींनी दुसरा. आणि दोघंही जिंकल्याच्या भरात, एक अंगणाकडे आणि एक मोरीकडे, असे चालू लागले. मधे कुठे तरी कर्र असा आवाज आला. वासा वाजला, असं सगळे म्हणाले.

तो वासा नव्हता. दोन पाय जिथे एकमेकांना मिळतात, तिथली शिवण उसवली होती. शिंपल्यांनी, खिळ्यांनी आणि अख्ख्या खाडीने जे केलं नसतं, ते आम्ही विजार चांगली आहे हे सिद्ध करायच्या नादात घरच्या घरी केलं.

दुसऱ्या दिवशी भावजी आले ते सरळ स्वतःच्या दाराला. आता लपवायचं काय होतं? मी इकडून ऐकलं. ते जरा मोठ्यानेच म्हणाले, "घाम आहे हं!"

धाकटीने बुटात हात घातला असणार. थोड्या वेळाने ती माझ्याकडे येऊन बसली.

"जाऊबाई, गार होतं हो. घाम गार असतो का?"

"ताप उतरताना असतो," मी म्हटलं.

"मग ताप उतरतोय म्हणायचं," ती म्हणाली आणि पदराच्या टोकाशी चाळा करत बसली.

सायकलचं पंक्चर काढणाऱ्याने शिवणीवर ठिगळ चिकटवलं. ते दोन भरत्या टिकलं. दुसरं चिकटवलं, ते एकही टिकलं नाही. शिवण चालताना प्रत्येक पावलाला उघडायची, तिला कोण काय करणार? भावजींची छाती पुन्हा वाजायला लागली. आणि गंमत अशी, की धाकटी आता काही बोलूच शकत नव्हती. पैज ती हरली होती, साक्षीदारांसमोर. मग ते आले की ती दारात गरम पाण्याचं घंगाळं ठेवायची, शेजारी कोरडे मोजे ठेवायची आणि आत निघून जायची. "घाम आहे," ते म्हणायचे. "हो," ती म्हणायची. कारखान्याचं नाव नाही, दादाचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही.

एवढ्या वर्षांची बोलणी ज्याने पाण्यासारखी अंगावरून जाऊ दिली, त्याला हे न बोलणं सोसेना. एका सकाळी पाणी ओसरायच्या वेळी ते घरातच बसून राहिले. धाकटीने विचारलं, "जायचं नाही?" ते म्हणाले, "दादाला विचार, जागा आहे का अजून."

मी इकडे हातातलं काम टाकून उभी राहिले. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती रडली. भावजी म्हणत होते, "अगं, आता काय झालं?" आणि ती म्हणत होती, "काही नाही, घाम आहे."

त्यांचे खुंट धक्क्यावरच्या दुसऱ्या एकाने घेतले. तोही काळ्या विजारवाल्यांपैकीच. पहिल्या दिवशी भावजी चपला घालून, कोरड्या कामाला म्हणून, इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात गेले. संध्याकाळी आले ते गुडघ्यापर्यंत भिजून.

तिथे बर्फाच्या लाद्या साच्यातून काढायच्या, आकड्याने फरशीवरून ओढत न्यायच्या. लाद्या वितळणार, फरशीवर बारमाही घोटाभर पाणी, आणि ते पाणी असं, की खाडीचं त्यापुढे ऊन म्हणावं. मुकादम उंच स्टुलावर बसायचे. तिथून सगळं कोरडंच दिसत असणार.

"दादाने सांगितलं होतं कोरडं काम," धाकटी म्हणाली.

"त्याचं आहे," भावजी म्हणाले आणि खुंटीवरची विजार काढली.

कारखान्यात पाणी त्या शिवणीच्या कितीतरी खाली असायचं. घोट्यापासून मांडीपर्यंत रबर नव्यासारखं. आणि थंडी इतकी, की घाम यायचं नावच नाही. विजार घेतल्यापासून पहिल्यांदा, खरोखर, कुणाकडे मोजे न बदलता, भावजी कोरडे पाय घेऊन घरी येऊ लागले. छातीचा भाताही हळूहळू थांबला. धाकटी बुटात हात घालायची, कोरडा काढायची आणि आता तिला त्यात काही आनंद वाटत नसे. "कोरडं आहे," ती असं म्हणायची, जशी एखादी बाई म्हणते, भात आहे.

भावजी जेवायचे, झोपायचे, उंबऱ्याला अडखळायचे. कारखान्यात सगळ्यांच्या पायात यायचे. मुकादम एकदा मला म्हणाले, "दाजी काम करतात, पण कुठे उभं राहायचं तेच त्यांना कळत नाही." मी म्हटलं, "ते आम्हाला माहीत आहे."

मग काही दिवसांनी भावजींनीच काढलं, की धक्क्यावरच्यांना बर्फ लागतो, तर आपणच पोचवावा. मुकादमांना पटलं. हातगाडीवरून लाद्या किनाऱ्यापर्यंत जाऊ लागल्या. मग किनाऱ्यावर ठेवला तर वितळतो, म्हणून गोणपाटात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेऊन घोटाभर पाण्यात. मग गुडघाभर. मग थेट खुंटांपाशी.

"होडीने नेता येईल की," धाकटी म्हणाली.

"होडी येईपर्यंत वितळेल."

"आणि तुमच्या खांद्यावर वितळत नाही वाटतं?"

"मी भरभर जातो."

भरभर कसले! जाताना भरभर जायचे, पण तिथे पोचले की लादी टोपलीवर ठेवून उभे राहायचे. मांडीभर पाण्यात. शिवण कुठे आहे ते त्यांना न बघता माहीत होतं. पाणी तिच्या खाली चार बोटांवर आलं, की परत फिरायचे. त्याच्या पुढे एक पाऊल नाही. धाकटीने हे किनाऱ्यावरून एकदा बघितलं आणि पुन्हा कधी होडीचं नाव काढलं नाही. अशी बरीच वर्षं गेली. केस पांढरे झाले, मुकादम स्टुलावरून उतरून घरी बसले, विजारीला काही झालं नाही.

आयुष्याच्या शेवटच्या दिवशीही भावजींनी बर्फ नेला. लादी खांद्यावर घेताना गाडीवाल्याशी नेहमीप्रमाणे वाद घातला, की गोणपाट अपुरं आहे, कोपरा उघडा राहतोय. खुंटांपाशी पोचले, लादी टोपलीवर ठेवली, आकड्याने दोन तुकडे केले. जाळेवाल्याला म्हणाले, "तुझा त्या कडेचा दोर सैल पडलाय." तो म्हणाला, "बघतो." हे म्हणणं आणि हे 'बघतो' रोजचं होतं, दोर काही कुणी ताणत नसे. मग ते तसेच उभे राहिले, हात पट्ट्यांत अडकवून. पाणी चढत आलं, जिथवर यायला हवं तिथवर आलं. त्यांनी गोणपाट पिळलं, घडी करून काखेत मारलं आणि किनाऱ्याकडे वळले.

"झालं का, काका?" गाडीवाल्याने विचारलं.

"झालं. नळापाशी थांब जरा," ते म्हणाले, "विजार गोड्या पाण्याने धुवायची आहे."